फिट, एवढंच वाचलं

मी गेली सव्वीस वर्षं वर्ध्याच्या एका शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. एवढ्या वर्षांत मुलांनी मला इंग्रजी भाषेविषयी फारसं काही विचारलेलं नाही. ‘मॅडम, हे परीक्षेत येईल का?’ एवढंच विचारतात. त्यामुळे कोणी खरोखरीचा प्रश्न विचारला की मी हुरळून जाते आणि उत्तर फार लांबून सुरू करते. माझी आई म्हणते, हिला मीठ मागितलं तर ही समुद्रापासून सांगायला लागते.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘फिट हे नाम की विशेषण?’ झालं. तास संपला, मधली सुट्टी लागली, मुलांच्या डब्यांचे वास सुटले, तरी माझं चालूच.

इंग्रजीत शब्द तीन अक्षरांचा. आपल्याकडे तो इतका मुरला आहे की तो बाहेरून आला हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. ब्लाउज दंडात फिट होतो, म्हणजे काचतो. नळाचं फिटिंग असतं, लाइटचं असतं. एखादी गोष्ट डोक्यात फिट बसली की मग ती ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. गाडीचं फिटनेस असतं, ते आरटीओतून आणायचं. आमच्या शाळेत फिट हा चक्क एक कागद आहे. आजारपणाची रजा काढून परत आलं की डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, आणि तो नसला की ऑफिसातले बाबू व्हरांड्यात सगळ्यांदेखत ओरडतात, ‘मॅडम, तुमचं फिट राहिलं!’ दहावीची पोरं अलीकडे कपड्यांनाच फिट म्हणायला लागली आहेत. ‘आजचा फिट भारी हाय बे.’ आणि फिट येतेसुद्धा. दातखीळ बसते, हातपाय झटके देतात, शेजारीपाजारी धावत येऊन चप्पल हुंगवतात नाहीतर कांदा फोडून नाकाशी धरतात.

मी फळ्यावर लिहिलं, की मराठीनं या एका शब्दाला तिन्ही लिंगं देऊन टाकली आहेत. तो फिट कपड्यांचा, ती फिट आजाराची, ते फिट कागदाचं. मुलांना हे आवडलं. आपलं फिटणं वेगळं, हेही सांगितलं. हौस फिटते, पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, ते सगळं घरचं. त्याचा या पाहुण्याशी संबंध नाही. कानाला मात्र ते सख्खे भाऊ वाटतात.

मग मी जाड कोश उघडला. त्यात फिट एकच नाही, दोन-तीन वेगवेगळे शब्द एका स्पेलिंगखाली नांदतात. एक म्हणजे योग्य, धडधाकट. एक म्हणजे झटका. एक म्हणजे जुन्या कवितेचा भाग, तो आता कोणी वापरत नाही. झटक्याचा जो आहे त्याचा फार जुना अर्थ झुंज असा असावा. धडधाकटाचा जो आहे तो कदाचित तोडीस तोड प्रतिस्पर्धी या अर्थाच्या शब्दातून आला असेल. असावा, असेल. दोघांच्याही पुढे शेवटी शेरा तोच, मूळ अनिश्चित. एवढी विद्वान मंडळी, आयुष्य शब्दांत घालवलेली, पण माहीत नाही म्हणायला लाजत नाहीत, याचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे.

मुलगी वहीत उतरवून घेत होती. तिनं विचारलं, ‘मग कोणता अर्थ घ्यायचा ते कसं समजायचं?’ मी म्हटलं, वाक्यावरून. आजूबाजूचे शब्द पाहायचे. हे उत्तर पुस्तकातलं आहे, बरोबरही आहे. ते देताना मी मध्येच थांबून पाणी प्यायले, हे मुलांच्या लक्षात आलं नसावं.

माझा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्ही दोघंही पिपरी मेघेत राहतो, दोन गल्ल्या सोडून. आई त्याच्याकडे असते. इंग्रजीच्या मास्तरणीचा भाऊ दहावीला इंग्रजीतच नापास झाला, यावर आमच्या नात्यात अजून विनोद चालतात आणि ते सगळ्यात जास्त तोच सांगतो. त्याची शाळेची व्हॅन होती. पांढरी, रोज धुतलेली. पिपरीतली चौदा पोरं तो वर्ध्याच्या शाळांत नेऊन सोडायचा आणि दुपारी परत आणायचा. कोणाला गाडी लागते, कोणाच्या बुटाची नाडी घरून बांधून येत नाही, कोणाला खिडकी दिली नाही की रडू येतं, हे त्याला पाठ होतं. त्यातली तिघं माझ्या वर्गात होती. त्याला गाडी चालवण्याचं वेड होतं असं नाही. त्याला ती पोरं आवडायची. सकाळी साडेसहाला हॉर्न वाजवून एकेकाला गोळा करायचं, एवढं त्याला पुरेसं होतं.

ही गोष्ट दोनेक वर्षांपूर्वीची, थंडीतली. रविवार होता. भावजय मुलाला घेऊन तिच्या आईच्या आजारपणासाठी पुलगावला गेलेली. भाऊ अंगणात व्हॅन धूत होता. त्यांची शेजारीण मला बोलवायला आली, म्हणून मी तशीच चपला न घालता गेले. तो ओल्या फरशीवर आडवा होता. डोळे अर्धे उघडे, श्वास घोरल्यासारखा, तोंडाच्या कोपऱ्यातून रक्त, जीभ चावली गेलेली. पायजमा ओला होता, आणि तो नळाच्या पाण्यानं नव्हता. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जवळ फोडलेला कांदा.

‘चक्कर आली त्याले,’ आई म्हणाली. ‘एकादस हाय ना. उपाशीपोटी पान्यात हात.’

मी म्हटलं, ‘आई, ही फिट आहे.’

‘हळू बोल,’ आई म्हणाली.

पंधरा-वीस मिनिटांनी तो भानावर आला. त्यानं पहिलं काय विचारलं, तर नळ कोणी बंद केला. त्याला काहीच आठवत नव्हतं. आईनं सांगितलं, ‘चक्कर आलती तुले. पडला थोडा.’ मी शेजारीच उभी होते. शेजारीणही होती. तिच्यासमोर कशाला, असं मला वाटलं. आमच्याकडे या आजाराचं नाव घराबाहेर गेलं की ते घरातल्या सगळ्यांना चिकटतं. मी त्याला एवढंच म्हटलं की उद्या मोठ्या दवाखान्यात जा, मी चिठ्ठी देते.

चिठ्ठी मी इंग्रजीत लिहिली. जे पाहिलं ते सगळं नीट, क्रमानं. घोरणं, जीभ, पायजमा. इंग्रजीत लिहिली कारण डॉक्टरसाठी होती, आणि दुसरं कारण असं की त्याला ती वाचता येणार नव्हती. त्याला काय ते डॉक्टर सांगेल. ते त्यांचं काम. आपण कशाला वाईट व्हायचं?

सोमवारी मला सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे संपवायचे होते. तो एकटाच गेला. संध्याकाळी मी शाळेतून परस्पर त्याच्याकडे गेले तर घरात दोन बायका बसलेल्या. व्हॅनमधल्या मुलांच्या आया. पडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती आणि त्या चौकशीच्या निमित्तानं आल्या होत्या. त्यांचं चूक काहीच नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर रविवारीच आले असते.

भाऊ मात्र खुशीत होता. मला पाहताच त्यानं खिशातून कागद काढला.

‘बाई, वाच बरं,’ तो म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात, शाळेतली असो की नसो. ‘डॉक्टर त म्हने फिट हाय. हिंदीवाला होता, नवा पोट्टा. गर्दी अशी, का पाय ठेवाले जागा नाई. तुही चिठ्ठी वाचली आन म्हने, फिट है, गोली लो, महिने बाद आना. मी म्हटलं, सर, फिट हाय त गोळ्या कायले? थो हासाले लागला.’

बायकाही हसल्या. मी कागद घेतला. अक्षर घाईचं होतं, पण असली अक्षरं वाचण्यात माझी हयात गेली आहे. वर लिहिलं होतं, फिट, एक वेळ. खाली तपासण्या आणि गोळ्या. सगळ्यात खाली, अर्ध्या ओळीत, की गाडी चालवायची नाही.

मी मान वर केली. आई माझ्याकडे पाहत होती. बायका पाहत होत्या. भाऊ भुवया उंचावून पाहत होता आणि मला वाटलं, अगदी पक्कं वाटलं, की त्याला सगळं माहीत आहे. हा ‘फिट है’चा किस्सा त्यानं या बायकांसाठी रचला आहे, आणि आता तो मला डोळ्यांनी सांगतो आहे की बाई, सांभाळून घे.

मी म्हटलं, ‘हो. फिट लिहिलं आहे.’

मराठीत लिंग लपवायला याहून सोयीचं वाक्य नाही. फिट आहे म्हटलं असतं तर ते सरळ खोटं झालं असतं. फिट आली म्हटलं असतं तर खरं झालं असतं. लिहिलं आहे म्हटलं की दोन्हीतून सुटका. ते वाक्य मला तेव्हा सुचलं कसं, याचं मला आजही नवल वाटतं. वर्गात मला इतकं नेमकं कधी सुचत नाही.

‘मॅडमनंच वाचलं म्हणजे झालं,’ एक बाई म्हणाली. चहा पिऊन त्या गेल्या. त्या गेल्यावर मी भावाशी बोलणार होते. पण तो लगेच टायरमध्ये हवा भरायला निघाला, आणि आई म्हणाली, ‘आता राहू दे. एकदाच झालं ते. गोळ्या हायेत ना.’ मी राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हॉर्न वाजला. मी स्कूटी काढली आणि व्हॅनच्या मागे निघाले. थोडं अंतर ठेवून, नेहमीपेक्षा तासभर लवकर. नऊ दिवस मी असं केलं. थंडीनं बोटं आखडून जायची. व्हॅनच्या मागच्या काचेतून दप्तरं आणि टोप्या दिसायच्या, एखादं पोरगं मला ओळखून हात हलवायचं, मीही हलवायची. मागून जाऊन मी काय करणार होते, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. संध्याकाळी मी कोश काढून बसायची. झटक्याचा फिट आणि धडधाकटाचा फिट मुळात एकच असतील का, हे शोधण्यात मला त्या दिवसांत भलताच रस वाटायला लागला होता.

दहाव्या दिवशी चौकात कापसाची ट्रॉली वळत होती. ती लांबलचक, दोन्ही बाजूंनी फुगलेली. सगळ्या गाड्या थांबल्या, व्हॅनही थांबली. ट्रॉली वळून गेली. पुढचे निघाले. व्हॅन निघाली नाही. मागून हॉर्न सुरू झाले. मी स्कूटी तशीच रस्त्यावर आडवी टाकली आणि पळत पुढे गेले. भाऊ सीटवर सरळ बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. मी हाक मारली, दंड धरून हलवलं. तो तिथे नव्हताच. गाडी न्यूट्रलवर होती आणि तिथे रस्ता सपाट आहे. मागे पोरं भेंड्या खेळत होती. त्यांना वाटलं काका मस्करी करतात.

मी खिडकीतून हात घालून चावी काढली. अर्ध्याएक मिनिटानं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘बाई, तू इथं काऊन? ट्रॉली गेली का?’

एका ओळखीच्या व्हॅनवाल्यानं पोरं दोन खेपांत शाळेत पोहोचवली. मी शाळेत गेले नाही. आधी भावाला घरी आणून निजवलं, आणि मग चौदाही घरी गेले, एकेक करून, आणि जे होतं ते मराठीत सांगितलं. काहींनी चहा विचारला. काहींनी दार लावून घेतलं. त्या दिवशी बसायला आलेल्या दोघींपैकी एकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पन मॅडम, तुम्हीच वाचलतं ना?’ मी हो म्हटलं. माझ्या वर्गातल्या मुलाची आई ती. पालकसभेला अजून भेटते, नमस्कार करते. तिच्यासमोर मला अजून मान वर करता येत नाही.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर भाऊ आता बरा आहे. गोळ्या चालू आहेत आणि त्या दिवसानंतर काही झालेलं नाही. व्हॅन दुसऱ्याकडे गेली. तो बायकोच्या भावाच्या किराणा दुकानात बसतो, तिथेही पोरं येतात आणि तो त्यांना उगाच एक गोळी जास्त देतो. माझ्याशी त्याचं वाकडं नाही. भाऊबीजेला येतो, विनोद सांगतो. पण आता काही वाचायचं असलं, विजेचं बिल असो की औषधाची चिठ्ठी, तर तो ते त्याच्या मुलाकडून वाचून घेतो.

त्या दिवशी चौदा घरं करून मी परत आले ती दुपारची वेळ होती. भाऊ उठून बसला होता. आईनं त्याला भाकरी वाढली होती, ती तशीच होती. मी त्याच्यासमोर बसले आणि पहिल्यांदा सरळ सांगितलं. ‘तुला फिट येते. त्या रविवारी आली ती फिटच होती. आज आली तीही तसलीच. डॉक्टरनं लिहिलं होतं, गाडी चालवायची नाही.’

‘फिट येते,’ तो म्हणाला. त्यानं ते दोनदा म्हटलं. मग म्हणाला, ‘पन डॉक्टर त फिट हाय म्हने. आन तू त वाचलं.’

तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या संध्याकाळी कागद देताना होता तसाच होता, भुवया वर. त्यात काही सांगणं नव्हतं. तो विचारत होता. तेव्हाही नुसता विचारतच होता.

मला भयंकर लाज वाटली. मी म्हटलं, ‘मला वाटलं तुला माहीत आहे.’

‘मले कसं माहीत राहीन, बाई?’ तो म्हणाला. ‘मी त बेहोस पडेल होतो.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यानं आईकडे पाहिलं. ‘माय, तुले माहीत होतं?’ आईनं पदर तोंडाला लावला. त्यानं शेजारणीच्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोटांवर मोजायला लागला, पोरं गाडीत चढताना मोजायचा तसा. माय. शेजारीण. डॉक्टर. बाई. चार बोटं झाल्यावर तो थांबला.

‘म्हनजे बाहीर होते त्या साऱ्याईले माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘गाडीत बसेल होते त्याईलेच नव्हतं. मले आन त्या पोट्ट्याईले.’